रांग सगळ्यांना एकच : नेट न्यूट्रॅलिटी आणि आपली तरुण मंडळी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)

मागे जिन्यापाशी घोळका करून उभ्या असलेल्या मुला-मुलींनो,

पुढे दोन रांगा रिकाम्या आहेत, आधी इथे येऊन बसा बघू. आजचा विषय तुमचाच आहे.

सांस्कृतिक समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा सगळ्यांची अशी समजूत होती की हा बँकेतला माणूस, म्हणजे नॉमिनेशन, मृत्युपत्र आणि मुदत ठेवी यावरच बोलणार. त्यावर मी या हॉलमध्ये तीन वेळा बोललो आहे आणि तरीही सभासदांच्या नॉमिनेशनचे कितीतरी फॉर्म अजून ऑफिसात आलेले नाहीत. तेव्हा आज विषय बदलला. मी बोलणार आहे इंटरनेटवर. त्यातही 'नेट न्यूट्रॅलिटी' नावाच्या एका वादावर, आणि त्या वादात तरुण मुलांनी काय केलं यावर. मराठीत कोणी याला नेट समानता म्हणतात, कोणी इंटरनेटची तटस्थता म्हणतात. दोन्ही शब्द ऐकून काहीच बोध होत नाही, म्हणून आधी साध्या भाषेत सांगतो.

आमच्या वेळी बँकेत पैसे काढायला गेलं की चेक किंवा स्लिप दिल्यावर पितळी टोकन मिळायचं. टोकन नंबर सतरा म्हणजे सतरा. तुम्ही ते पैसे घेऊन किराणा भरणार, पोराची फी भरणार, की सोनाराकडे जाणार, याच्याशी कॅशियरला काही देणंघेणं नव्हतं. नंबर आला की पुकारायचा. आता कल्पना करा, समोरच्या सोनाराने बँकेला महिना काही रक्कम बांधून दिली आणि सांगितलं, ज्यांना माझ्या दुकानात यायचंय त्यांना आधी पैसे द्या, आणि पलीकडच्या सोनाराकडे जाणाऱ्यांना अर्धा तास बसवून ठेवा. हे चालेल का? पलीकडचा सोनार तुमच्याशी काही वाईट वागला नाही, त्याचा मालही चांगला आहे, पण सहा महिन्यांत त्याचं दुकान बसणार. आणि तुम्हाला वाटणार की त्याचा धंदा आपोआपच बसला.

इंटरनेट देणारी कंपनी म्हणजे हा कॅशियर. तिच्या तारेतून किंवा टॉवरवरून माहितीचे छोटे छोटे तुकडे जातात, त्यांना पॅकेट म्हणतात. कुठलं पॅकेट कुठून आलं आणि कुठे चाललंय हे कंपनीला कळू शकतं, आणि मनात आणलं तर ती एखाद्याचं पॅकेट अडवू शकते, रेंगाळत ठेवू शकते, किंवा एखादं फुकट सोडू शकते. तिने तसं करू नये, सगळ्या वेबसाइटना आणि सगळ्या ॲपना सारखं वागवावं, एवढीच ती न्यूट्रॅलिटी. टिम वू नावाच्या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ साली हा शब्द रूढ केला.

मागच्या महिन्यात कट्ट्यावर हा विषय निघाला तेव्हा एका मित्राने लगेच हरकत घेतली. म्हणाले, अहो, आता बँकाही मोठ्या ग्राहकाला वेगळ्या सोफ्यावर बसवतात, चहा देतात. खरं आहे. पण तो मुद्दा वेगळा. तुम्ही जास्त पैसे देऊन जास्त वेगाचं कनेक्शन घेतलं, मी कमी पैशात कमी वेगाचं घेतलं, त्याला कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती माझ्याच कनेक्शनवर अमुक वेबसाइट पळते आणि तमुक रांगते, याला. मी काय बघावं हे तार टाकणाऱ्याने ठरवायचं नाही.

आता भारतात काय झालं ते सांगतो. मला स्वतःला हा इतिहास फार रंजक वाटतो, आणि आश्चर्य म्हणजे तो घडत असताना आपल्यापैकी बहुतेकांना, साठीच्या पुढच्यांना तर नक्कीच, त्याची गंधवार्ता नव्हती.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केलं की इंटरनेटवरून केलेल्या बोलण्यासाठी, म्हणजे स्काइप, व्हायबर वगैरेवरून केलेल्या कॉलसाठी, आम्ही वेगळे पैसे लावणार. कंपनीची बाजूही समजून घ्या. तिने स्पेक्ट्रमसाठी हजारो कोटी मोजलेले, टॉवर उभारलेले, आणि लोक फोन न करता इंटरनेटवरून बोलायला लागले. धंद्याच्या दृष्टीने तिचं दुखणं खोटं नव्हतं. पण इंटरनेटवर इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला आपण ट्राय म्हणतो, ते यावर विचार करणार आहे, तोवर थांबतो, असं कंपनीने सांगितलं.

ट्रायने २७ मार्च २०१५ रोजी चर्चेसाठी एक मसुदा काढला. ११८ पानं, इंग्रजीत, आणि शेवटी २० प्रश्न. व्हॉट्सॲप, स्काइप यांसारख्या ॲपना परवाना लावावा का, त्यांच्याकडून काही वसूल करावं का, अशा धाटणीचे ते प्रश्न होते. उत्तरं द्यायची मुदत २४ एप्रिल.

या २७ मार्चच्या आधी तीनच दिवस, २४ मार्च २०१५ला, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं होतं. आपल्या भागातल्या लोकांना आठवेल, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती. एकीने लिहिलं आणि दुसरीने ते नुसतं 'लाइक' केलं. ते वाचून दिल्लीतली श्रेया सिंघल ही विशीतली मुलगी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिच्याच नावाने तो खटला आज ओळखला जातो. तेव्हा इंटरनेटच्या प्रश्नावर आपण काहीतरी करू शकतो, ही भावना तरुणांमध्ये त्या आठवड्यात अगदी ताजी होती. हा माझा अंदाज आहे, पण तारखा बघितल्या की पटतो.

आता मसुदा आला म्हणजे कोण वाचणार? आम्ही बँकेत होतो तेव्हा हेड ऑफिसची ४० पानी सर्क्युलर यायची. शाखेतले २५ जण सह्या करायचे आणि वाचायचा एखादाच. इथेही सुरुवात अशाच थोड्या लोकांपासून झाली. निखिल पाहवा नावाचे एक पत्रकार, जे दूरसंचार आणि इंटरनेटच्या धंद्यावर लिहीत असत. अपार गुप्ता नावाचे वकील. बंगळूरचे किरण जोनलगड्डा यांच्यासारखे संगणकातले जाणकार, आणि त्यांच्याबरोबर बरेच स्वयंसेवक. ही मंडळी तरुण होती, आपापल्या नोकऱ्या-व्यवसाय सांभाळून रात्री हे काम करत होती. त्यांनी ११८ पानं वाचली, त्याचा सोप्या भाषेत सारांश केला, वीसच्या वीस प्रश्नांची उत्तरं लिहून काढली आणि 'सेव्ह द इंटरनेट' नावाच्या वेबसाइटवर ठेवली. ज्याला पटेल त्याने ती वाचायची, हवी तर बदलायची, आणि एक बटण दाबून स्वतःच्या ई-मेलवरून ट्रायला पाठवायची.

मग ११ एप्रिलला मुंबईच्या 'एआयबी' या विनोदी कार्यक्रम करणाऱ्या मुलांनी एक व्हिडिओ काढला. त्यांची भाषा घरात सगळ्यांसमोर ऐकण्यासारखी नसते हे मी मान्य करतो, आमच्या सौभाग्यवती दुसऱ्याच मिनिटाला उठून आत गेल्या. पण विषय त्यांनी असा समजावला की कॉलेजातल्या पोराला तो कळला आणि त्याला हसूही आलं. त्यानंतर ई-मेलचा जो ओघ सुरू झाला तो मुदत संपेपर्यंत दहा लाखांच्या वर गेला. एका नियामक संस्थेच्या रुक्ष मसुद्यावर दहा लाख उत्तरं! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा कोरम पूर्ण व्हायला अर्धा तास थांबावं लागतं, आणि त्यानंतरही आपण तो तहकूब सभेच्या नियमाने भागवतो.

याच दिवसांत, ६ एप्रिलला, 'एअरटेल झीरो' नावाची योजना आली होती. तीत ग्राहकाला ठरावीक ॲप वापरायला डेटाचे पैसे पडणार नव्हते, ते पैसे ॲपवाला भरणार. फ्लिपकार्ट त्यात सामील होणार असं कळल्यावर मुलांनी फ्लिपकार्टच्या ॲपला एकेक तारा देऊन त्याचं रेटिंग खाली ओढलं. १४ एप्रिलला फ्लिपकार्टने आपण त्यात नाही असं जाहीर केलं. काही वृत्तसंस्था आणि प्रवासाची तिकिटं विकणारी एक कंपनी तशाच दुसऱ्या एका योजनेतून बाहेर पडली. ती दुसरी योजना कोणती ते आता येतंच. संसदेतही निरनिराळ्या पक्षांच्या खासदारांनी हा प्रश्न मांडला. मला यातलं विशेष वाटतं ते हे की या चळवळीला कुठल्याही एका पक्षाचा झेंडा लागला नाही.

एक मासला सांगतो. सूचना पारदर्शकपणे जाहीर करायच्या म्हणून ट्रायने २७ एप्रिलला ती सगळी उत्तरं जशीच्या तशी वेबसाइटवर टाकली, पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट. दहा लाख लोकांचे पत्ते उघड्यावर! मुलं भडकली, आणि रास्तच भडकली. बँकेत असं खातेदारांचं रजिस्टर कोणी काउंटरवर उघडं टाकलं असतं तर त्याच दिवशी मेमो मिळाला असता.

आता ती दुसरी योजना. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' सुरू केलं, महाराष्ट्रासह सहा राज्यांत. पुढे त्याचंच नाव 'फ्री बेसिक्स' झालं. गरिबाला मोबाइलवर काही निवडक वेबसाइट फुकट. हवामान, आरोग्य, नोकऱ्या, बातम्या, आणि अर्थातच फेसबुक. बाकीचं इंटरनेट बघायचं असेल तर पैसे भरा.

हा वाद सोपा नव्हता, आणि तो सोपा होता असं जे सांगतात त्यांचं मला पटत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं तरी मिळतंय, तर ते अडवणारे तुम्ही कोण? तुमच्या घरी ब्रॉडबँड आहे. मेळघाटातल्या किंवा माणदेशातल्या मुलाने काय करावं? हा प्रश्न मार्क झुकरबर्ग यांनी आपल्या वर्तमानपत्रातल्या लेखातून विचारला, आणि तो विचारण्यासारखा होता. मुलांचं उत्तर असं होतं, की जे फुकट मिळेल ते इंटरनेट नाही, फेसबुकने कुंपण घातलेलं अंगण आहे. त्यात कोण यायचं याच्या अटी फेसबुक ठरवणार. आणि एकदा कोट्यवधी लोक त्या अंगणात आले की बाहेर दुकान टाकणाऱ्या नव्या पोराला गिऱ्हाईक मिळणार नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये झुकरबर्ग दिल्लीच्या आयआयटीत आले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना समोरासमोर नेट न्यूट्रॅलिटीबद्दल विचारलं. मला ते फार आवडलं. जगातल्या एवढ्या श्रीमंत माणसाबरोबर सेल्फी काढायची संधी असताना त्याला अडचणीचा प्रश्न विचारायचा, याला शिक्षण म्हणतात.

ट्रायने डिसेंबर २०१५ मध्ये दुसरा मसुदा काढला. या वेळी फक्त चार प्रश्न होते, आणि मूळ मुद्दा हा की वेगवेगळ्या मजकुरासाठी डेटाचे वेगवेगळे दर लावावेत का. तेव्हा ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा होते. फेसबुकने पानपानभर जाहिराती दिल्या, रस्त्यांवर होर्डिंग लावली, आणि फेसबुक वापरणाऱ्यांना आधीच लिहून ठेवलेला ई-मेल ट्रायला पाठवायला सांगितलं. लाखो लोकांनी तो पाठवलाही. म्हणजे एप्रिलमध्ये मुलांनी जी युक्ती केली तीच आता कंपनीने केली, आणि कंपनीचे हात कितीतरी लांब.

पण इथे एक गंमत झाली. ट्रायने फेसबुकला पत्र लिहून कळवलं की तुमच्या या ई-मेलमध्ये आम्ही विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत. 'आम्हाला फ्री बेसिक्स हवं आहे' एवढंच त्यात आहे. आम्ही जनमत चाचणी घेत नाही आहोत. मला हे वाचून आमचे एक जुने मॅनेजर आठवले. कर्जाच्या अर्जाबरोबर कोणी चार वजनदार माणसांची शिफारसपत्रं जोडली की ते म्हणायचे, पत्रं बाजूला ठेवा, बॅलन्स शीट दाखवा.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम काढला. मजकूर बघून डेटाचा दर कमी-जास्त करायचा नाही. मोडलात तर दिवसाला ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. आपत्तीच्या वेळच्या सेवेला तेवढी सूट. तीनच दिवसांत फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून काढून घेतलं. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने वेग आणि अडवणूक याबद्दलच्याही शिफारशी दिल्या, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या मान्य केल्या. या चळवळीतूनच २०१६ मध्ये 'इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन' ही संस्था उभी राहिली.

मग मेळघाटातल्या मुलाचं काय झालं? त्याचं उत्तर चळवळीने दिलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते बाजाराने दिलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि काही महिने सगळंच इंटरनेट फुकट देऊन टाकलं. अमुक वेबसाइट फुकट आणि तमुकला पैसे, असं नाही; सगळंच. नियमाची त्याला आडकाठी नव्हती. त्यानंतर डेटाचे दर असे कोसळले की आज आपला इस्त्रीवाला कोळसा पेटायची वाट बघत यूट्यूबवर भजनं ऐकतो. कंपन्या मात्र दहा-बारा होत्या त्या चारावर आल्या, हीही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. त्यावर कोणी तरुणाने कधीतरी व्हिडिओ काढावा.

इतकं कौतुक केल्यावर आता दोन खटकणाऱ्या गोष्टी.

पहिली भाषेची. मसुदा इंग्रजी, उत्तरं इंग्रजी, व्हिडिओ इंग्रजी-हिंदी मिसळीचा. ज्या गरिबाच्या नावाने दोन्ही बाजू भांडत होत्या, त्याच्या भाषेत त्याला फार थोडं कोणी विचारलं. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांचा या दहा लाखांत वाटा किती असणार, याचा विचार आपण मराठी माणसांनी तरी करावा. आपली मुलं संध्याकाळी जे व्हॉट्सॲपवर लिहितात, त्यातलं अर्धं जरी चांगल्या मराठीत अशा विषयांवर लिहिलं तरी खूप होईल.

दुसरी गोष्ट अमेरिकेची आहे आणि ती जास्त गंभीर आहे. तिथे हा नियम एकदा येतो, एकदा जातो. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्या संपर्क आयोगाने नियम केला, तीन विरुद्ध दोन मतांनी. सरकार बदललं, डिसेंबर २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोननेच तो मोडला. पुन्हा सरकार बदललं, एप्रिल २०२४ मध्ये परत आणला, आणि २ जानेवारी २०२५ला तिथल्या अपील कोर्टाने तो रद्द केला. पण मला सांगायचंय ते २०१७चं. तेव्हा आयोगाकडे २ कोटी २० लाख सूचना आल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी करून मे २०२१ मध्ये अहवाल दिला, की त्यातल्या जवळजवळ १ कोटी ८० लाख बनावट होत्या. सुमारे ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांनी पैसे देऊन चालवलेल्या मोहिमेतल्या, खऱ्या माणसांची नावं त्यांना न विचारता घातलेल्या. आणि ७७ लाख? त्या पाठवल्या होत्या कॅलिफोर्नियातल्या १९ वर्षांच्या एका कॉलेजच्या मुलाने. एकट्याने. संगणकाकडून खोटी नावं-पत्ते तयार करून. आणि तो नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूचा होता.

मुलांनो, तुमच्यातले दोघे-तिघे हसले, ते मी पाहिलं. ७७ लाख म्हणजे काम मोठंच आहे, यात शंका नाही. पण बँकेत आम्ही एक खोटी सही पकडली की त्या खात्यातल्या सगळ्याच सह्या पुन्हा तपासायचो. त्या मुलाने स्वतःच्याच बाजूच्या प्रत्येक खऱ्या माणसाला संशयात टाकलं. आपल्याकडे ट्रायने २०१६ मध्ये डोकी मोजली नाहीत, मुद्दे बघितले, म्हणूनच आपला निर्णय टिकला असं माझं मत आहे. दहा लाख ई-मेलनी दार उघडलं हे खरं, पण आत जाऊन बोलले ते ११८ पानं वाचलेले पन्नास-साठ लोक.

आता आपल्या इमारतीकडे येतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगतो. एक इंटरनेट कंपनी कमिटीकडे आली. नाव घेत नाही. म्हणाली, गेटवर आणि तिन्ही विंगच्या जिन्यांत सीसीटीव्ही कॅमेरे फुकट लावून देतो, वर सोसायटीला वर्षाला ठरावीक भाडं देतो. अट एकच, पाच वर्षं दुसऱ्या कोणाची वायर डक्टमधून वर जाता कामा नये. कमिटीला प्रस्ताव चांगला वाटला, आणि वाटण्यासारखाच होता. मेंटेनन्सची थकबाकी, लिफ्टचं काम निघालेलं, त्यात फुकट कॅमेरे.

सी विंगमधल्या दोन मुली आणि ए विंगमधला एक मुलगा, तिघेही तेव्हा कॉलेजात, यांनी कमिटीला एक पानी पत्र दिलं. मी ते अजून जपून ठेवलंय. त्यात रागाचा एक शब्द नाही. पाच वर्षांत दर वाढवले तर आपल्याला दुसरा पर्याय काय? बंद पडलं आणि ज्यांची नोकरी घरून चालते त्यांचं काम अडलं तर जबाबदार कोण? कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग कोणाच्या ताब्यात राहणार? हे तीन प्रश्न, आणि खाली आजूबाजूच्या चार सोसायट्यांत प्रत्यक्ष जाऊन विचारलेले दर.

शास्त्रार्थाने बघितलं तर याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणत नाहीत. हा पुरवठादार निवडण्याचा प्रश्न झाला. पण जात तीच. फुकटच्या बदल्यात दार कोणाच्या हातात द्यायचं, एवढाच मुद्दा.

सभेत मात्र पंचाईत झाली. फ्लॅट आईवडिलांच्या नावावर, त्यामुळे तिघांनाही बोलायचा हक्क नाही. आपल्या तेव्हाच्या अध्यक्षांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. मुलगी दहा मिनिटं बोलली, कागद न बघता. प्रस्ताव फेटाळला गेला. कॅमेरे आपण आपल्या पैशांनी लावले, प्रत्येक फ्लॅटला वर्गणी बसली, आणि ती वर्गणी भरताना या मुलांच्या नावाने जिन्याजिन्यात काय काय बोललं गेलं ते मी ऐकलंय. अजूनही ऐकतो. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी परवाच म्हणाल्या, 'भाऊ, त्या पोरांच्या नादाने आपल्याला खर्च पडला.' मी म्हटलं, वहिनी, खर्च पडला खरा. पण आज आपल्या इमारतीत तीन कंपन्यांच्या तारा आहेत, आणि गेल्या पावसाळ्यात एक दोन दिवस बंद पडली तेव्हा तुमच्या नातवाची ऑनलाइन परीक्षा शेजारच्यांच्या वायफायवर झाली. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पटलं असंही म्हणाल्या नाहीत.

त्या तिघांपैकी एक मुलगी आता पुण्याला नोकरीला आहे, एक इथेच आहे, मुलगा जर्मनीत शिकतोय. आज इमारत पंचवीस वर्षांची झाली. पुढच्या पाच-दहा वर्षांत पुनर्विकासाचा विषय येणार, तो टळणार नाही. त्या नव्या इमारतीत सर्वांत जास्त वर्षं राहणार कोण? मी नाही. आणि सभेत बोलायचा हक्क कोणाला? मला. हे उलटं आहे. उपविधी बदलणं एकट्या आपल्याच हातात नाही, पण अठरा वर्षांवरच्या मुलामुलींची एक सल्लागार समिती नेमणं नक्कीच आहे. मत देण्याचा अधिकार नसेना का, कमिटीपुढे येणारे कागद त्यांना वाचायला द्यावेत आणि त्यांचं लेखी म्हणणं सभेच्या इतिवृत्तात नोंदवावं. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव मी सूचक म्हणून देतो आहे. अनुमोदक पाहिजे. बी विंगमधून कोणी पुढे आलं तर बरं, तिथून विरोध होणार हे मला माहीत आहे.

आणि देशातला मूळ वाद संपलेला नाही. दूरसंचार कंपन्या गेली काही वर्षं म्हणताहेत की ज्या मोठ्या कंपन्यांचे व्हिडिओ आमच्या तारांवरून सर्वाधिक धावतात, त्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा. ऐकायला रास्त वाटतं. मोठ्यांनी दिले तर आपल्याला काय? पण एकदा मोठ्यांकडून घ्यायची पद्धत पडली की उद्या छोट्याकडून का नको, हा प्रश्न येतोच, आणि त्यांनी दिलेले पैसे शेवटी आपल्याच वर्गणीत चढतात. शिवाय ५जीमध्ये एकाच नेटवर्कचे वेगवेगळ्या वेगाचे भाग पाडता येतात. त्यातलं किती न्यूट्रॅलिटीत बसतं आणि किती नाही, यावर जाणकारांत खरोखरच मतभेद आहेत. माझंही मत अजून ठरलेलं नाही.

ट्रायचे मसुदे तिच्या वेबसाइटवर सर्वांसाठी खुले असतात, उत्तर द्यायला मुदत असते, आणि उत्तर देणारा ग्रॅज्युएट असावा, सभासद असावा, फ्लॅट त्याच्या नावावर असावा, अशी कोणतीही अट नाही. बारावीतला मुलगाही पाठवू शकतो. पुढचा मसुदा निघाला की मी त्याची छापील प्रत सोसायटीच्या ऑफिसात ठेवीन. झेरॉक्सचा खर्च माझा. रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसतो, मुलांपैकी कोणीही यावं. इंग्रजी मी समजावून सांगीन, तंत्र तुम्ही मला समजावा, आणि उत्तर आपण मराठीतही लिहू.

ज्यांचे नॉमिनेशनचे फॉर्म राहिले आहेत त्यांनीही त्याच वेळेला यावं.